टोकावडे ते ऐरोली : कोजागिरीच्या दुपारी घाटावरून उतरलेलं वादळ

कोजागिरीच्या दिवशी सकाळी सातच्या आसपास मला लागोपाठ दोन फोन आले आणि दोघांचा प्रश्न एकच, आज पाऊस येणारे का. पहिला माळशेज घाटाच्या पायथ्याशी, मुरबाडकडे असलेल्या टोकावड्याहून आतेभावाचा, म्हणजे दादाचा. त्याचं हळवं, लवकर पिकणारं भात तयार झालेलं, दोन खाचरं आदल्या दिवशीच कापून वाळायला पसरून ठेवलेली आणि तिसरं कापायला माणसं येऊन बसलेली. दुसरा फोन आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा, संध्याकाळी मैदानात कोजागिरी, दीडेकशे माणसांचं मसाला दूध, पोरांचे नाच आणि त्यासाठी दुपारपासून मांडव घालायचा, लोखंडी पाईपांचा, मागे मोठा फ्लेक्स लावून. मी हवामान खात्यात नाहीये, नोकरी वेगळीच आहे, पण दहा-बारा वर्षं रोज सकाळी हवामानाच्या फुग्याचा आलेख (वरवरच्या थरांतलं तापमान, ओलावा आणि वारं दाखवणारा) आणि दुपारी रडार बघतेय, त्यामुळे घरातले आणि बिल्डिंगमधले मलाच विचारतात. त्या दिवशी काय बरोबर आलं आणि कुठे मी जवळजवळ चुकले होते ते सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, कारण परतीच्या पावसात हे दरवर्षी होतं आणि मोबाईलमधल्या ॲपवर ढग-विजेचं एक चित्र बघून यातलं काहीच कळत नाही.

आधी हे, की ऑक्टोबरमधल्या दुपारच्या पावसाबद्दल "येईल का" हा एक प्रश्न नसतोच, ते दोन प्रश्न असतात. घाटावर ढग उभा राहील का, हा पहिला. आणि उभा राहिला तर तो खाली कल्याण-ठाण्याकडे उतरेल की तिथेच बरसून संपेल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सकाळी बऱ्यापैकी खात्रीने देता येतं. दुसऱ्याचं येत नाही, दुपारपर्यंत थांबावंच लागतं.

घाटावर ढग का होतो ते थोडक्यात सांगते. मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर धरतात, २०२० मध्ये ती बदलली, आधी सप्टेंबरची अखेर होती. त्या सुमाराला आभाळ मोकळं होतं, ऊन कडक पडतं, पण जमीन अजून ओली असते आणि हवेत दमटपणा भरपूर असतो. सह्याद्रीचा कडा माळशेज-हरिश्चंद्रगडाच्या भागात हजार मीटरच्या वर जातो, हरिश्चंद्रगड तर १४२४ मीटर, आणि उन्हाने तापलेल्या उतारावरची हवा दुपारी आपसूक वर चढायला लागते. त्यात अकरा-बारानंतर समुद्रावरून खारा वारा आत येतो आणि ठाणे, कल्याण, मुरबाड करत दुपारी घाटाच्या पायथ्याशी पोचतो, तो सोबत ओलावा घेऊन येतो. पलीकडून, म्हणजे जुन्नरच्या पठारावरून, पूर्वेचं वारं. दोन्ही वारी कड्यावर समोरासमोर आली की हवेला वर जाण्यावाचून रस्ता उरत नाही.

जुलैत आपल्याकडे धो धो पाऊस पडतो पण विजा फारशा का नसतात, हे मला बरेच जण विचारतात. जुलैत खालपासून वरपर्यंत हवा सगळी ओलीच असते, वर-खाली तापमानाचा फरक कमी असतो, ढग रुंद होतो पण जोरात उंच जात नाही. ऑक्टोबरात खालची हवा दमट आणि तीन-चार किलोमीटरच्या वरची कोरडी होत चाललेली असते. ढग एकदा सुटला की चौदा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो, आणि त्यातला पाऊस त्या कोरड्या थरातून पडताना थोडा वाफ होतो, हवा एकदम थंड आणि जड होते आणि दाणकन खाली आपटते. जमिनीवर आपटली की चारी बाजूंना पसरते. पावसाच्या आधी जो गार वारा सुटतो ना, दारं-खिडक्या आपटतात, गच्चीवरचे कपडे उडतात, तो हाच. त्या दिवशीची सगळी गोष्ट या वाऱ्याचीच आहे.

सकाळी आठला मी सांताक्रूझच्या फुग्याचा आलेख उघडला. फुगा दिवसातून दोनदा सोडतात, पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच, म्हणजे दुपारच्या वादळासाठी आपल्या हातात पहाटेचाच, आणि त्यात दुपारचं तापमान आपण मनाने घालून बघायचं असतं. दुपारी ३४-३५ अंश धरलं तर ढगाला वर जायला भरपूर ताकद होती, अडवणारा उबदार थर पातळ होता, बारा-एकला फुटेल इतका. हे झालं पहिल्या प्रश्नाचं. दुसऱ्यासाठी मी कायम तीन ते पाच किलोमीटर उंचीवरचं वारं बघते, कारण ढगाला ढकलणारं वारं ते, जमिनीवरचं नाही. त्या दिवशी ते स्वच्छ पूर्वेचं होतं, थोडं ईशान्येकडे झुकलेलं, वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटर. जुलैत हेच वारं पश्चिमेचं असतं म्हणून पाऊस समुद्राकडून घाटाकडे जातो, आणि परतीच्या दिवसात ते उलटं फिरलं की पाऊस घाटाकडून आपल्याकडे येतो. आमची आजी म्हणायची डोंगराकडून गडगडलं की सूप आत घे, ते यामुळेच.

तर सव्वाआठला दादाला सांगितलं, तिसरं खाचर आज कापू नकोस, उभं राहू दे. आणि माणसं आलीच आहेत तर कापलेलं भात बांधून भारे पडवीत आणून टाका, दोनच्या आत. तो म्हणाला, "ताई, आभाळात एक ढग नाही गं." खरंच नव्हता, मुरबाडला त्या वेळी कोरडं निळं आभाळ होतं, आणि माणसांची मजुरी तर द्यायचीच होती. मला माहितीये की त्याच्यासाठी हा निर्णय माझ्यापेक्षा कितीतरी महाग होता. उभं भात फार तर आडवं पडतं, पण कापून जमिनीवर पसरलेलं भिजलं आणि दोन दिवस ऊन मिळालं नाही तर दाण्याला मोड येतात, वर्षाचं खायचं भात ते. म्हणून मी ठामपणे बोलले, घाटाखाली पाऊस नक्की धर म्हटलं.

काकांना तेवढं ठाम सांगता आलं नाही. त्यांना सांगितलं की ऐरोलीत निम्मी शक्यता आहे, आला तर चार ते सहाच्या मध्ये येईल, सातनंतर बहुतेक मोकळं होईल, मांडव घाला पण फ्लेक्स आणि कनाती सहानंतर लावा. काकांनी ॲप दाखवलं, त्यात चारला ढग आणि वीज आणि ४० टक्के. माझं म्हणणं, या टक्क्याचा अर्थ नीट घ्या. जगभराचं हवामान काढणारी मॉडेलं जमिनीचे नऊ-बारा किलोमीटरचे चौकोन करून गणित करतात, आपलं नवं भारत फोरकास्ट सिस्टीम, मे २०२५ मध्ये आलेलं, ते सहा किलोमीटरवर आलंय, पण वादळी ढगाचा गाभाच पाच-दहा किलोमीटरचा असतो. तो नेमका कुठल्या डोंगरावर उभा राहणार आणि कधी निघणार हे मॉडेलला सकाळी कळत नाही, कळायची अपेक्षाही करू नये. सकाळच्या मॉडेलवरून दिवस कसा आहे ते कळतं, तास नाही. तासासाठी उपग्रह, रडार आणि माणसं.

माणसं यासाठी, की आमच्या ऐरोलीला पूर्वेचं आभाळ दिसतच नाही. पारसिकचा डोंगर आडवा उभा आहे. ढगाचं डोकं डोंगरामागून वर आलेलं दिसतं पण पोट दिसत नाही, आणि खरी बातमी पोटात असते, पावसाचा पडदा कुठे आहे, धूळ उठलीय का, खाली काळी कड आलीय का. म्हणून माझी फोनची साखळी आहे, टोकावड्याला दादा, बदलापूरला मावशी, डोंबिवलीला कॉलेजची मैत्रीण. टोकावडे आमच्यापासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर, बदलापूर तीसेक, डोंबिवली दहा-बारा. रडारचं चित्र साधारण दहा मिनिटांनी बदलतं, साइटवर यायला अजून थोडा वेळ जातो, शिवाय कुलाब्याच्या रडारचा किरण माळशेजपर्यंत पोचतो तोवर त्याच्या थोड्या वर झुकलेल्या कोनामुळे आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीपासून दीड-पावणेदोन किलोमीटर उंच गेलेला असतो, त्याच्याखाली वारं काय करतंय ते त्याला दिसत नाही. वेरावलीचं रडार २०२२ मध्ये आल्यापासून जवळचं बरंच बरं दिसतं, तरीही मावशी खिडकीतून जे बघते ते रडार सांगत नाही.

पावणेएकला उपग्रहाच्या चित्रात घाटाच्या कड्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग दिसायला लागली, भीमाशंकरपासून वर हरिश्चंद्रगडापर्यंत, आणि त्यातला माळशेजजवळचा एक ठिपका अर्ध्या तासात बाकीच्यांना मागे टाकून फुगला. एक वाजता ऐरोलीत वारं फिरलं, मी बाल्कनीत उभी होते, सकाळपासून पान हलत नव्हतं आणि एकदम खाडीकडून, म्हणजे मुलुंडच्या बाजूने, चिखलाचा वास घेऊन झुळूक यायला लागली, समोरच्या देवळावरचं निशाण पूर्वेकडे ताणलं गेलं. खारा वारा आत शिरला. ही चांगली पण आहे आणि वाईट पण, कारण हा वारा घाटातल्या ढगाला ओलावा पुरवतो, आणि त्याच वेळी आपल्याकडची जमिनीलगतची हवा गार करून ठेवतो, त्यामुळे घाटावरून आलेले बरेच ढग कल्याणच्या अलीकडे येता येता मरतात. म्हणून माझा हिशोब असा की कल्याण-डोंबिवलीची रेघ ओलांडली तरच आमचा पाऊस.

दादाचा फोन एक पन्नासला, गडगडायला लागलं. दोन वीसला पाऊस. फोनवर बोलतानाच मला पत्र्यावरचा आवाज ऐकू येत होता, त्याला ओरडून बोलावं लागत होतं, एक खाचर पूर्ण आत आलं होतं आणि दुसऱ्यातले निम्मे भारे अजून बाहेर होते, बायका डोक्यावर घेऊन धावत होत्या. मी सांगितलं विजा थांबेपर्यंत कोणाला शेतात पाठवू नको, भारे भिजू देत. तो ऐकायला तयार नव्हता. त्याला म्हटलं वीज दिसली की मोज, तीन सेकंदांना एक किलोमीटर, तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुझ्याच खाचरात पडू शकते. त्याने मोजलं, आठ आले. मग माणसं पडवीत घेतली.

तिथून पुढे ते वादळ अगदी शहाण्यासारखं निघालं, बारवी धरणावरून बदलापूरकडे. तीन पस्तीसला मावशीचा फोन, दिवसा दिवे लावलेत, पाऊस सुरू झाला. मी कागदावर हिशोब केला, टोकावडे ते बदलापूर तेहतीसेक किलोमीटर सव्वा तासात, म्हणजे ताशी पंचवीस-सव्वीस, बदलापूर ते ऐरोली एकोणतीस, म्हणजे आमच्याकडे पावणेपाच. मैदानात गेले तेव्हा मांडववाल्याची चार पोरं पंधरा-सोळा फूट उंचीवर पाईप आवळत होती, आणि फ्लेक्स लावून झाला होता! सकाळचा निरोप मांडववाल्यापर्यंत पोचलाच नव्हता. काकांना सांगितलं, साडेचारपर्यंत फ्लेक्स उतरवा, वेळ आहे.

हे "वेळ आहे" मी बोलायला नको होतं.

त्यानंतरची पंधरा मिनिटं मी चुकीच्या दिशेने विचार करत होते. ढगाचा वरचा पसारा वाऱ्याने पश्चिमेकडे आमच्या डोक्यावर आला, ऊन गेलं, हवा जरा सुखाची झाली. तीन पन्नासच्या रडारमध्ये बदलापूरवरचा लाल गाभा पिवळा झाला होता, म्हणजे जोर कमी झाला होता. ऊन नाही, खालची हवा खाऱ्या वाऱ्याने गार झालेली, ढग विरतोय, माझ्या नेहमीच्या हिशोबाने हे वादळ कल्याणच्या पलीकडेच संपत होतं. काकांना "बहुतेक टळलं" असा मेसेज टाइप करून ठेवला होता मी, पाठवायचा बाकी होता.

चार वाजून तीन मिनिटांनी डोंबिवलीहून मैत्रिणीचा फोन आला. पाऊस नाही म्हणाली, पण पूर्वेकडून धुळीचा लोट आलाय, समोरच्या बांधकामावरची हिरवी जाळी फाटून रस्त्यावर आली, आणि एकदम गार झालं. त्या क्षणी सगळं उलटं लागलं डोक्यात. ढग मरत होता म्हणजेच त्याने पोटातली सगळी थंड हवा खाली टाकली होती, आणि ती हवा ढगाला मागे टाकून पुढे निघाली होती. बदलापूरला तीन पस्तीस, डोंबिवलीला चार, अठरा किलोमीटर पंचवीस मिनिटांत, ताशी चाळीसच्या वर. मी हिशोब पावसाच्या चालीने केला होता आणि वारा त्याच्या दीडपट वेगाने येत होता. ठाणे-मुंबईत ज्याने १३ मे २०२४ ची दुपार बघितलीय त्याला हे वेगळं सांगायला नको, त्या दिवशी पण आधी धूळ आणि वारा आला होता, घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, दोन्हीत खाली येणारं वारं सारखंच.

मी चप्पल न घालता खाली धावले. पोरांना ओरडून सांगितलं, सगळं सोडा आणि खाली उतरा, आत्ता. मांडववाला म्हणाला दहा मिनिटात फ्लेक्स निघतो. नको म्हटलं, फ्लेक्स ब्लेडने फाडा, पैसे सोसायटी देईल. काकांनी एका शब्दाने विरोध केला नाही, स्वतः कटर आणला, मला त्यांचं फार कौतुक वाटलं त्या वेळी. फ्लेक्स पूर्ण निघाला नाही पण उभ्या तीन चिरा पाडल्या, शिडाचं फडकं झालं त्याचं. चार बाराला शेवटचा पोरगा जमिनीवर होता आणि आम्ही सगळे पार्किंगमध्ये.

चार सतराला निशाण मेल्यासारखं खाली पडलं. पूर्ण शांत, साधारण वीस सेकंद. कावळे ओरडायचे थांबले. मग पारसिककडून आवाज आला, लोकल बोगद्यातून बाहेर पडावी तसा, आणि निशाण उलट्या दिशेला ताणलं गेलं, आता मुलुंडकडे. धूळ, पानं, कोणाची तरी प्लॅस्टिकची खुर्ची. मांडवाची मागची बाजू पुढे झुकली, एक पाईप बुंध्याशी वाकला, कनात लावलेला कोपरा उचलला गेला आणि आपटला. पोरं ज्या आडव्या पाईपवर बसली होती तो सुटून जमिनीवर पडला. कोणाला काही लागलं नाही.

आणि पाऊस? बदलापूरचा ढग खरंच मेला होता, तो आमच्याकडे आलाच नाही. आला तो वेगळाच. डोंबिवलीकडून येणारी थंड हवा आणि समोरून जाणारा खारा वारा शिळफाटा-मुंब्र्याच्या आसपास भिडले, आणि त्या रेघेवर नवीन ढग उभा राहिला, चारच्या रडारमध्ये तिथे काहीच नव्हतं, चार दहाला हिरवा ठिपका, चार वीसला लाल. घाटावर जे काम डोंगराने केलं तेच इथे दोन वाऱ्यांनी केलं. दामिनी ॲपवर, म्हणजे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजांचं ॲप, आमच्या वर्तुळात पाच मिनिटांत खुणांची गर्दी झाली. पहिले थेंब चार बत्तीसला, मोठे, नाण्याएवढे डाग पाडणारे, आणि मग पस्तीस मिनिटं मैदानाचा पलीकडचा गेट दिसत नव्हता. म्हणजे पावसाची वेळ मी सांगितली त्यापेक्षा तेराच मिनिटं आधी, कागदावर अंदाज झकास दिसला असता, आणि वारं मात्र अर्धा तास आधी येऊन गेलं.

हवामान खात्याचा नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या तीन तासांचा इशारा, ठाणे जिल्ह्यासाठी तीनच्या आधीच निघालेला होता, मेघगर्जना आणि जोराचा वारा, तो माझ्या फोनवर होता. खात्याने जिल्ह्याला सांगायचं असतं, आमच्या मैदानाची मिनिटं आम्हीच काढायची असतात, आणि ती काढताना मी पावसाकडे बघत बसले. त्या दिवसापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत, एक वाऱ्याचा, एक पावसाचा. वाऱ्याचा रकाना साखळीतल्या शेवटच्या माणसाच्या फोनवरून भरते, रडारवरून नाही, आणि बदलापूरला ढग रंग सोडायला लागला की आता मी सुटकेचा श्वास न टाकता डोंबिवलीला फोन लावते.

शेवटचा गडगडाट पाच पंचवीसला ऐकू आला, त्यानंतर अर्धा तास कोणाला मैदानात जाऊ दिलं नाही, पोरं कितीही कुरकुरली तरी. दूध पार्किंगमध्येच आटवलं. दादाचा फोन साडेआठला. एक खाचर कोरडं, दुसऱ्यातलं निम्मं भिजलेलं, पडवीत पंखा लावून पसरलंय, आणि लगेच पुढचा प्रश्न, उद्या काय. मी परत आलेख उघडला, संध्याकाळचा फुगा आला होता. वरचं वारं दक्षिणेकडे वळत होतं आणि वेग निम्म्यावर आला होता, ढग झाला तरी कड्यालाच चिकटून राहणार, पण टोकावडे कड्याच्या पायथ्याशीच. सकाळी सातला सगळं भिजलेलं अंगणात काढ, म्हटलं, आणि एक वाजता आत घे, एकच्या पुढे मी सांगेपर्यंत काही बाहेर ठेवू नको.